तुटलेल्या मज्जातंतूची वाटचाल

चालता चालता कोपर दाराच्या चौकटीवर आपटले, म्हणजे एक चमत्कारिक कळ थेट करंगळीपर्यंत जाते आणि क्षणभर हात बधिर होतो. मार बसलेला असतो कोपराला, पण झिणझिण्या येतात करंगळीला. याचे कारण असे, की कोपराच्या आतल्या बाजूस हाडाच्या खोबणीतून एक मज्जातंतू जातो आणि त्या ठिकाणी त्याच्यावर कातडीखेरीज दुसरे पांघरूण जवळजवळ नसते. करंगळीची संवेदना मेंदूकडे नेणे आणि पंजातील बारीक स्नायूंना मेंदूच्या आज्ञा पोचविणे, ही त्याची कामे होत. आघात वाटेत झाला, तरी संदेश नेहमीच्या पत्त्यावरूनच आला असे मेंदू समजतो. थोड्या वेळाने कळ विरते. माणूस हात झटकतो आणि आपल्या कामाला लागतो.

परंतु हाच मज्जातंतू फुटलेल्या काचेने किंवा कोयत्याच्या घावाने तुटला, तर गोष्ट इतक्यावर भागत नाही. करंगळीला चटका बसला तरी कळत नाही, बोटे आकड्यासारखी वाकतात आणि पंजातील स्नायू दिवसेंदिवस झिजू लागतात. ज्याचे पोट हातांच्या कसबावर आहे, त्या शिंप्याच्या, सुताराच्या किंवा विणकराच्या मनात तेव्हा एकच प्रश्न उभा राहतो. हात पूर्वीसारखा होईल काय, आणि होणार असेल तर कधी? या साध्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी गेली पावणेदोनशे वर्षे प्रयोगशाळांतून बेडूक, ससे, उंदीर आणि काचेच्या बशीत वाढविलेल्या पेशी यांच्यावर संशोधन चालले आहे. त्या संशोधनाने काय दिले आणि ते कोठे अपुरे पडते, हे समजून घेण्यासारखे आहे.

मज्जातंतू ही वस्तुतः हजारो सूक्ष्म धाग्यांची एक जुडी असते. प्रत्येक धागा म्हणजे एकाच पेशीचा लांबविलेला हात होय. पायाच्या बोटापर्यंत जाणाऱ्या धाग्याची मूळ पेशी पाठीच्या कण्यात किंवा त्याच्या लगत असते. ती नुसत्या डोळ्यांना दिसणार नाही इतकी लहान, पण तिचा धागा मात्र सुमारे एक मीटर लांब! धाग्याचे सारे पोषण त्या दूरच्या पेशीकडून होते. म्हणून धागा वाटेत तुटला, की पेशीपासून तुटलेला पुढचा भाग मरतो. पेशीला जोडलेला मागचा भाग जगतो आणि त्याच्या टोकाला नवा कोंभ फुटतो. मेंदूत आणि पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत असे कोंभ दूरवर वाढत नाहीत. हातापायांतील मज्जातंतूंत ते वाढतात. सारी आशा निसर्गाने दिलेल्या या एका सवलतीवर उभी आहे.

पण ही वाढ पाहावी कशी? प्रयोगासाठी माणसाचा मज्जातंतू कापता येत नाही आणि रोग्याचा हात दर आठवड्याला उघडून आत डोकावताही येत नाही. शिवाय कोणतेही दोन अपघात सारखे नसतात. अशा वेळी माणसाच्या जागी, निदान एका बाबतीत त्याच्यासारखे वागणारे दुसरे काहीतरी घ्यावे लागते. शास्त्रज्ञ त्याला प्रतिरूप म्हणतात. प्रतिरूपाची गोष्ट नकाशासारखी आहे. रेल्वेचा नकाशा स्टेशने बिनचूक दाखवितो, पण त्यात गावची विहीर शोधणारा तहानलेलाच राहावयाचा. प्रत्येक प्रतिरूप एखाद्या ठरावीक प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी बनलेले असते. मज्जातंतूंच्या अभ्यासाचा इतिहास हेच पुनःपुन्हा शिकवितो.

पहिले मोठे प्रतिरूप होते बेडकाची जीभ. ऑगस्टस वॉलर या इंग्रज वैद्याने तिची निवड मोठ्या चातुर्याने केली होती. ही जीभ पातळ असल्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यातील धागे पाहता येतात, आणि तिच्या डाव्या व उजव्या बाजूंना वेगवेगळे मज्जातंतू येतात. एका बाजूचा कापावा आणि दुसऱ्या बाजूशी ताडून पाहावे, म्हणजे फरक तेवढा कापण्यामुळेच झाला हे सिद्ध होते. काही दिवसांतच कापलेल्या बाजूच्या धाग्यांचे दूध नासावे तसे तुकडे व कण झालेले वॉलरला दिसले. हे निरीक्षण १८५० साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आले आणि धाग्याच्या या नाशाला आजही वॉलरचेच नाव आहे.

तुटलेला भाग मरतो हे कळले. पण नवा धागा येतो कोठून? तो जागच्या जागी अनेक पेशी साखळीसारख्या जोडल्या जाऊन तयार होतो, असे काही जण म्हणत. मूळ पेशीतूनच तो कोंभासारखा पुढे सरकतो, असे इतरांचे मत होते. स्पेनचा सांतियागो रामोन इ काहाल हा या दुसऱ्या पक्षाचा कैवारी. रंगविलेल्या पातळ कापांत त्याने धाग्याचे वाढते टोक ओळखले होते. परंतु मेलेल्या कापात हालचाल दिसत नाही. १९०७ साली अमेरिकेत रॉस हॅरिसन याने बेडकाच्या भ्रूणातील मज्जेचा इवलासा तुकडा लसिकेच्या थेंबात ठेवला आणि तो थेंब काचेखाली लटकत ठेवून पाहिला. तुकड्यातून धागा बाहेर पडला व त्याचे टोक पुढे पुढे सरकताना प्रत्यक्ष दिसले. वादाचा निकाल त्या थेंबात लागला. शरीराबाहेर पेशी वाढविण्याच्या तंत्राचा पायाही त्याच प्रयोगाने घातला गेला. मात्र त्या थेंबाला हात नव्हता, स्नायू नव्हता आणि वेदनाही नव्हती.

वेदनेविषयी बेडकाला विचारता येत नाही. म्हणून एका संशोधकाने स्वतःलाच प्रतिरूप केले. लंडनचे हेन्री हेड यांनी २५ एप्रिल १९०३ रोजी आपल्या डाव्या हातातील कातडीला संवेदना देणारा मज्जातंतू शस्त्रवैद्याकडून कापून घेतला आणि रेशमी टाक्यांनी पुन्हा जोडून घेतला. पुढे सुमारे साडेचार वर्षे केंब्रिजमध्ये त्यांचे मित्र रिव्हर्स त्यांच्या हाताची परीक्षा घेत राहिले. कापूस, टाचणी, ऊन व थंड पाणी ही त्यांची साधने. डोळे मिटून बसलेल्या हेडनी काय जाणवते ते सांगावयाचे आणि रिव्हर्सनी लिहून घ्यावयाचे, असा क्रम होता. आधी ओबडधोबड, नेमकी जागा न सांगणारी वेदना परत आली आणि बऱ्याच काळाने नाजूक स्पर्श परतला, असे त्यांचे निरीक्षण १९०८ साली प्रसिद्ध झाले. लगेच पुढल्या वर्षी ट्रॉटर व डेव्हिस या दोघा शस्त्रवैद्यांनी स्वतःच्या शरीरातील मज्जातंतू कापून घेऊन तोच प्रयोग केला, पण त्यांचे निष्कर्ष हेडशी जुळले नाहीत. एवढा आत्मत्याग करूनही एका माणसाच्या एका हातावरून सर्व माणसांचा नियम सांगता येत नाही, हाच त्याचा बोध होय.

त्यानंतर युद्धांनी या प्रश्नाला भयंकर तातडी आणली. १९१५ साली, एकमेकांविरुद्ध उभ्या ठाकलेल्या फ्रान्स आणि जर्मनी या दोन देशांत, टिनेल व हॉफमन या दोन वैद्यांना स्वतंत्रपणे एकच खूण सापडली. जखमी सैनिकाच्या मज्जातंतूवर बोटाने हलकेच टिचकी मारली असता, जेथवर नवे धागे आलेले असतात तेथे टिचकी पडताच झिणझिण्या येतात. ती जागा महिन्यामहिन्याने पुढे सरकली, म्हणजे वाढ चालू आहे असे समजावयाचे.

दुसऱ्या महायुद्धात ऑक्सफर्ड येथे या गतीचे काटेकोर मोजमाप झाले. हर्बर्ट सेडन यांनी १९४३ साली दुखापतींचे तीन वर्ग पाडले. पहिल्यात धागा शाबूत असतो, फक्त त्याचे काम थांबते. दुसऱ्यात धागे तुटतात, पण त्यांभोवतीच्या नळ्या टिकतात. तिसऱ्यात सारेच तुटते. तेथेच जे. झेड. यंग, पीटर मेडावर व त्यांचे सहकारी यांनी सशांवर प्रयोग केले. मज्जातंतू चिमट्याने चिरडल्यास नवे धागे दिवसाला सुमारे ४.४ मिलिमीटर वाढतात, आणि कापून जोडल्यास सुमारे ३.५ मिलिमीटर, असे १९४२ साली त्यांनी दाखविले. चिरडलेल्या मज्जातंतूतील नळ्या अभंग राहत असल्यामुळे प्रत्येक धाग्याला आपली जुनी वाट सापडते. कापलेल्याला जोड ओलांडून नवी वाट शोधावी लागते.

या नळ्यांना अस्तरासारख्या लागलेल्या पेशींना श्वान-पेशी म्हणतात. संस्कृतातील श्वानाशी त्यांचा काही संबंध नाही. थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञाचे नाव त्यांना मिळाले आहे. धागा मेला तरी या पेशी जगतात. त्या मृत अवशेष दूर करण्यास हातभार लावतात, रांगेने उभ्या राहतात आणि येणाऱ्या कोंभाला वाढीची द्रव्ये पुरवितात. वाट दाखविणारा जसा कंदील घेऊन पुढे उभा असावा, तशी त्यांची सेवा असते.

आज प्रयोगशाळेत सर्वांत अधिक वापर होतो तो पांढऱ्या उंदराच्या मांडीतील सायॅटिक मज्जातंतूचा. तो जाड असतो, सहज सापडतो, आणि उंदीर स्वस्त व काटक असतो. १९८२ साली स्वीडनचे गोरान लुंडबोर्ग व त्यांचे सहकारी यांनी या मज्जातंतूची कापलेली दोन टोके सिलिकोनच्या एका रिकाम्या नळीत बसविली. टोकांमध्ये १० मिलिमीटर अंतर असेल, तर नळीत प्रथम द्रव साचतो, मग त्यात एक तलम पूल तयार होतो, त्यावरून श्वान-पेशी येतात आणि त्यांच्यामागून धागे दुसरे टोक गाठतात. अंतर १५ मिलिमीटर केले, की पूल बनत नाही. अवघ्या ५ मिलिमीटरांनी यशाचे अपयश होते. त्याच वर्षी उंदराच्या पाऊलखुणांवरून सुधारणा मोजण्याची पद्धतही पुढे आली. पाय दुबळा झाला म्हणजे पाऊलखूण लांबट होते आणि बोटे फाकत नाहीत. या मापांवरून शून्य ते उणे १०० असा अंक काढतात. शून्य म्हणजे निरोगी आणि उणे १०० म्हणजे पुरता निकामी.

येथेच या प्रतिरूपाचा मोठा धोका दडलेला आहे. उंदीर फार चांगला बरा होतो. चिरडलेला मज्जातंतू काहीही उपचार न करता तीन-चार आठवड्यांत बहुतांशी कार्यक्षम होतो. तेव्हा एखादे औषध देऊन दीड महिन्याने उंदीर उत्तम चालतो असे जाहीर केले, तर त्यात औषधाचे श्रेय कितपत? दुसरी गोष्ट अंतराची. उंदराच्या धाग्याला मांडीपासून स्नायूपर्यंत काही सेंटिमीटरच जावयाचे असते. माणसात वाढीची गती साधारणतः दिवसाला एक मिलिमीटर, आणि खांद्यापासून पंजापर्यंतची वाट ६०० ते ७०० मिलिमीटर. हिशेब कोणीही करावा! जवळजवळ दोन वर्षे लागतात. इकडे मज्जातंतूवाचून राहिलेला स्नायू वर्ष-दीड वर्षानंतर नव्या धाग्याला प्रतिसाद देण्याची शक्ती गमावू लागतो. मोटारसायकलवरून पडून ज्याच्या खांद्याजवळचे मज्जातंतू तुटले, त्या तरुणाचे धागे वाढतात. पण ते पोचतात तेव्हा घर ओस पडलेले असते. अंतर आणि विलंब हीच माणसाची खरी अडचण, आणि उंदराच्या देहात नेमकी तीच दिसत नाही.

म्हणून शहाण्या संशोधकांनी उंदरालाच विलंब लावून पाहिला. कॅनडात टेसा गॉर्डन व सुसान फू यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत मज्जातंतू कापून महिनोन्महिने न जोडता ठेवले. शेजारचा दुसरा मज्जातंतू वळवून आणून, ‘थकलेला धागा आणि ताजी वाट’ व ‘ताजा धागा आणि ओस वाट’ अशा दोन जोड्या त्यांनी वेगवेगळ्या तपासल्या. दोन्हींत नुकसान होते, पण ओस वाटेचे नुकसान अधिक निघाले. फार काळ धाग्याविना राहिलेल्या श्वान-पेशी जणू कंदील विझवून बसतात. शस्त्रक्रिया लवकर का करावी, याचे कारण त्यामुळे अधिक स्पष्ट झाले.

याच परंपरेतील एक आशादायक प्रयोग सन २००० मधला आहे. अल-मजेद, ब्रशार्ट व गॉर्डन यांनी उंदराचा मांडीतील मज्जातंतू जोडताना त्याला एक तासभर, सेकंदाला २० या गतीने, विजेचे सौम्य ठोके दिले. एरवी सर्व धागे जोड ओलांडून आपल्या वाटेला लागण्यास आठ ते दहा आठवडे लागत. ते काम तीन आठवड्यांत झाले. वीज धाग्याची चाल वाढवीत नाही. जोडापाशी रेंगाळणाऱ्या धाग्यांना ती लवकर मार्गस्थ करते. पुढे हा उपाय मनगटाजवळ दबलेल्या मज्जातंतूच्या रुग्णांवरही तपासला गेला आणि उत्साहजनक फळ मिळाले. योग्य प्रश्न विचारला तर उंदरावरून माणसापर्यंत पोचता येते, याचे हे उदाहरण होय.

कधी कधी योगायोगही मोठा गुरू ठरतो. १९८९ साली ऑक्सफर्डच्या संशोधकांना लहान उंदरांची एक जात अशी आढळली, की तिच्यात कापलेला पुढचा भाग मरतच नसे; दोन आठवडे तो संदेश वाहून नेत असे. पोषण तुटल्यामुळे धागा उपासमारीने मरतो, ही वॉलरच्या काळापासूनची समजूत त्यामुळे डळमळली. धाग्याच्या अंगी स्वतःचा नाश करण्याची एक यंत्रणाच असते, असे निष्पन्न झाले. आणि २०१२ साली माशी व उंदीर या दोघांतही त्या यंत्रणेचे एक मुख्य प्रथिन सापडले. मधुमेहासारख्या रोगांत धागे हळूहळू मरतात, तेथे या यंत्रणेला आवर घालता येईल काय, याचा शोध आता चालू आहे.

भारताला या विषयात वेगळी आस्था असण्याचे कारण कुष्ठरोग. या रोगाचे जंतू श्वान-पेशींतच घर करतात. येथे मज्जातंतू सुरीने कापला जात नाही, तो आतून वर्षानुवर्षे पोखरला जातो. मुंबईत डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी गेल्या शतकाच्या मध्यास, हे जंतू मज्जातंतूंत कसे शिरतात याचा सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यास केला. परंतु हा रोग प्राण्यांत सहसा होत नसल्याने प्रतिरूपच मिळेना. १९६० साली लहान उंदराच्या तळपायात जंतू वाढविता आले. १९७१ साली अमेरिकेतील आर्माडिलो या खवलेधारी प्राण्यात रोग पसरविता आला, आणि त्याचे मज्जातंतूही रोगाने ग्रासलेले दिसले. दरम्यान वेल्लोर येथे डॉ. पॉल ब्रँड यांनी दुसरी वाट धरली होती. मज्जातंतू परत येणार नसेल, तर शाबूत स्नायूचा दोर वळवून वाकड्या बोटांना लावावयाचा, म्हणजे मूठ पुन्हा वळते. धागा येण्याची वाट पाहण्यालाही मर्यादा असते, हे त्यांनी ओळखले होते.

या साऱ्यात मुक्या जिवांचे ऋण विसरता येत नाही. बधिर झालेली स्वतःची बोटे उंदीर कधी कधी कुरतडतो. भूल देऊन शस्त्रक्रिया केली, तरी पुढचे हाल संपत नाहीत. प्राण्याऐवजी दुसरा मार्ग असेल तर तो घ्यावा, प्राणी थोडके वापरावे आणि त्यांचे क्लेश कमी करावे, ही त्रिसूत्री रसेल व बर्च यांनी १९५९ साली मांडली. भारतातही १९६० च्या कायद्याखाली नेमलेली समिती प्राण्यांवरील प्रयोगांवर देखरेख ठेवते. आज मानवी पेशींपासून बशीत मज्जापेशी व श्वान-पेशी वाढविता येतात, आणि पुष्कळसे प्रश्न त्यांच्यावरच सोडविता येतात. ज्या प्रयोगाने कोणत्याच प्रश्नाचे उत्तर मिळणार नाही, त्यासाठी एकाही जिवाला पीडा देणे हे अशास्त्रीय तर खरेच, पण अधर्म्यही आहे.

शेवटी सारे येऊन ठेपते ते रुग्णालयातील एका साध्या दृश्यापाशी. शस्त्रवैद्य रोग्याच्या हातावर मनगटाकडून वर वर टिचक्या मारीत जातो. कोपराखाली एका जागी रोगी म्हणतो, ‘इथे मुंग्या येतात.’ वैद्य तेथे शाईने खूण करतो आणि नोंदवहीत अंतर लिहितो. गेल्या महिन्याच्या खुणेपेक्षा ती तीन सेंटिमीटर पुढे आलेली असते. बेडकाच्या जिभेपासून सिलिकोनच्या नळीपर्यंतचे सर्व ज्ञान त्या खुणेमागे उभे आहे. उंदीर किती सुरेख चालला यावरून या ज्ञानाची किंमत ठरणार नाही. ती शाईची खूण स्नायू जिवंत आहेत तोवर पंजापर्यंत पोचली की नाही, यावरूनच ती ठरेल.